बायोमेडिसिन करून मेडिकल किंवा डेंटल: ऑस्ट्रेलियातला हा रस्ता कितपत भरवशाचा?

मंजिरी_मेलबर्न
मुलगी यंदा इयर ट्वेल्व्हला आहे. मेडिसिन किंवा डेंटिस्ट्री, याशिवाय डोक्यात दुसरं काही नाही. युकॅट (मेडिकल-डेंटलच्या थेट प्रवेशाची परीक्षा) देणारच आहे, पण थेट प्रवेशाच्या जागा किती तुटपुंज्या असतात ते माहीत आहे. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला गेलं की एकच सल्ला ऐकू येतो: "थेट नाही मिळालं तर बायोमेड घ्या, तिथून आपोआप मेडिकल." हे 'आपोआप' मला पचत नाही, म्हणून धागा काढतेय.

बायोमेड (बायोमेडिसिन किंवा बायोमेडिकल सायन्सची तीन वर्षांची पदवी) केल्याने पुढच्या प्रवेशात नेमका काय फायदा होतो? मेडिकल मिळालंच नाही तर त्या डिग्रीचं काय करायचं? आणि डेंटलचा रस्ता हाच की वेगळा? जाणकारांनी कृपया तपशिलात लिहा. "मुलांना आवडेल ते करू द्या" हा सल्ला मिळून झालाय.

तिरकस
आपोआप फक्त हेक्सचं, म्हणजे फीसाठीचं सरकारी कर्ज वाढतं. बाकी सगळं करावं लागतं.

ब्रिस्बेनकर
मंजिरीताई, आधी चौकट सांगतो.

इथे डॉक्टर व्हायचे दोन रस्ते. पहिला बारावीनंतर थेट: मोनॅश, यूएनएसडब्ल्यू, ॲडलेड, न्यूकॅसल, वेस्टर्न सिडनी, टास्मानिया, कर्टिन वगैरे. तिथे एटार (बारावीच्या गुणांवरून ठरणारं मानांकन), युकॅट आणि मुलाखत. जेम्स कुकला युकॅट लागत नाही, त्यांचा स्वतंत्र अर्ज असतो. दुसरा रस्ता ग्रॅज्युएट एंट्री: कुठलीही पदवी, मग गॅमसॅट (पदवीधरांसाठीची प्रवेशपरीक्षा), मग मुलाखत, मग चार वर्षांची एमडी (आपल्याकडच्या एमबीबीएसच्या जागची). मेलबर्न, सिडनी, एएनयू, डीकिन, ग्रिफिथ, मॅक्वारी, नोट्र डेम, वूलाँगाँग, क्वीन्सलंड आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया ही विद्यापीठं या गटात. यांतल्या काहींनी बारावीच्या हुशार मुलांसाठी आधीच पुढची जागा राखून ठेवायची सोय केलेली असते, पण तिथे एटार अगदी शिखरावरचा लागतो.

आता मुद्दा. ग्रॅज्युएट एंट्रीच्या निवडीत बायोमेड पदवीला जादा गुण नसतात. तिथे बघतात जीपीए (पदवीच्या गुणांची सरासरी), गॅमसॅट आणि मुलाखत. इतिहासाची पदवी घेतलेला आणि बायोमेडवाला एकाच रांगेत उभे राहतात. काही ठिकाणी विषयांची अट असते: क्वीन्सलंडला पेशी-ऊतकशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र हे दुसऱ्या वर्षाच्या पातळीचे विषय झालेले लागतात. पण ते साध्या बीएससीतही घेता येतात.

मेलबर्न विद्यापीठाने २००८ मध्ये अभ्यासक्रमांची रचना बदलली, वैद्यकशास्त्र पदवीनंतरचं केलं आणि २०११ पासून तिथे एमडी सुरू झाली. तेव्हापासून 'बायोमेड म्हणजे मेडिकलची पहिली पायरी' ही समजूत आपल्या लोकांत घट्ट बसली. पायरी आहे, पण जिना दुसरीकडेही लावता येतो.

शेंगदाणा_चटणी
वाचतेय. पुढच्या वर्षी आमच्याकडे हाच गोंधळ.

पर्थपंत
ब्रिस्बेनकरांना अनुमोदन. जीपीएबद्दल थोडं सविस्तर, कारण घात तिथेच होतो.

ग्रॅज्युएट एंट्रीची बहुतेक विद्यापीठं जेमसॅस या एका सामाईक अर्जातून प्रवेश देतात (सिडनीचा अर्ज वेगळा). जेमसॅस तुमचे गुण सातच्या पट्टीवर आणतं. शेवटची तीन वर्षं मोजली जातात, म्हणजे पूर्णवेळ अभ्यासाच्या हिशेबाने तीन. नापास विषयाला शून्य. ज्या विषयाला नुसतं पास किंवा नापास लिहितात तो मोजणीतच येत नाही. पदवी गेल्या दहा वर्षांतली हवी.

काही विद्यापीठं साधी सरासरी घेतात, काही शेवटच्या वर्षाला जास्त वजन देतात. उदाहरण घ्या: पहिल्या वर्षी ५.५, दुसऱ्या वर्षी ६.५, तिसऱ्या वर्षी ७. साधी सरासरी ६.३३. तेच १:२:३ अशा वजनाने काढलं तर ६.५८. हा फरक म्हणजे मुलाखतीला बोलावणं येणं आणि न येणं. पहिल्या वर्षी घसरलेल्या मुलाने वजनवाली विद्यापीठं वर टाकावीत, सातत्यवाल्याला फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट, सर्वोच्च श्रेणीची रेघ प्रत्येक विद्यापीठात वेगळी. मेलबर्नमध्ये एचवन ८० पासून, मोनॅशचं हाय डिस्टिंक्शन ८० पासून, सिडनीचं ८५ पासून. त्यामुळे "माझे ८२ आले" या वाक्याला विद्यापीठाचं नाव लावल्याशिवाय अर्थ नाही.

स्पर्धेत टिकायला जीपीए ६.७ च्या पुढे हवा असं धरून चला. म्हणजे जवळजवळ प्रत्येक विषयात वरची श्रेणी. आणि बायोमेडमध्ये शेजारच्या बाकावरच्यालाही तेच हवं असतं.

गौरी_जी
थोडा विरोधी सूर लावते. वरचे दोन्ही प्रतिसाद बरोबर आहेत, पण त्यातून "बायोमेड घेऊच नका" असा अर्थ निघतोय. तो चुकीचा.

पहिलं म्हणजे, बायोमेडच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शरीररचना, शरीरक्रिया, जैवरसायन, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र हे सगळं एकमेकांत गुंफून येतं. एमडीचं पहिलं वर्ष भयंकर वेगाने जातं. मूत्रपिंडाचं काम किंवा हृदयाच्या विद्युतलहरी आधी एकदा पचवलेल्या असल्या की तिथे झोप मिळते. कायदा किंवा संगीत शिकून आलेल्यांना पहिले सहा महिने दुप्पट वाचावं लागतं.

दुसरं, डेंटलच्या काही ठिकाणी शरीररचना, शरीरक्रिया आणि जैवरसायन हे विषय आधी झालेले हवेत. ते बायोमेडमध्ये न मागता मिळतात.

तिसरं, संशोधन आवडणाऱ्यांना ही डिग्री खरंच चांगली आहे. ऑनर्स करून प्रयोगशाळेत किंवा पीएचडीकडे जाता येतं. मेडिकल हुकलं म्हणून आयुष्य हुकलं, असं कशाला?

एक सावधगिरी मात्र मीही सांगेन. मेलबर्नच्या बायोमेडमध्ये नेहमीचा विषय १२.५ क्रेडिटचा, पण दुसऱ्या वर्षात २५ क्रेडिटचे एकत्रित विषय येतात. त्यातली एक परीक्षा बिघडली तर जीपीएला दुप्पट फटका. बीएससीत तेच ज्ञान चार छोट्या विषयांत विभागलेलं मिळतं, धोका वाटला जातो.

तिरकस
@गौरी_जी, "एमडीत झोप मिळते" हे वाक्य जपून ठेवलंय. योग्य वेळी वापरेन.

मंजिरी_मेलबर्न
वा, हेच हवं होतं. मोनॅशबद्दल कुणी सांगेल का? त्यांचं बायोमेड वेगळं आहे असं ऐकलं.

ब्रिस्बेनकर
हो, आणि ज्याला खऱ्या अर्थाने 'पाथवे' म्हणता येईल असं तेच आहे. मोनॅशची थेट एमडी पाच वर्षांची. शिवाय त्यांची चार वर्षांची ग्रॅज्युएट एंट्री आहे, पण ती फक्त मोनॅशच्याच ठरावीक पदव्यांना खुली: बायोमेडिकल सायन्स, फार्मसी, फिजिओथेरपी वगैरे. बाहेरच्यांना दार बंद. तिथे गॅमसॅट लागत नाही. मोनॅशमधले गुण आणि मुलाखत यांवर मुख्य भर. पहिलं वर्ष गिप्सलंडमध्ये, चर्चिल गावात काढावं लागतं. शहराबाहेर राहायची तयारी हवी.

फायदा उघड आहे: स्पर्धक कमी, गॅमसॅटचा जाच नाही. तोटाही तितकाच उघड. तिथे नाही मिळालं तर बाकी विद्यापीठांसाठी गॅमसॅट द्यावीच लागते, आणि "मोनॅशमध्ये होईलच" म्हणून ती टाळलेली मुलं तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हातात काही नसलेली सापडतात. गॅमसॅटचे गुण चार वर्षं चालतात. मोनॅशला गेलात तरी दुसऱ्या वर्षात एकदा देऊन ठेवावी.

शब्दवेल्हाळ
गॅमसॅटचा विषय निघालाच आहे तर लिहितो.

परीक्षा वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबर. पदवीच्या उपांत्य वर्षापासून बसता येतं. तीन भाग. पहिला साहित्य आणि समाजशास्त्रांतलं तर्कवाचन: उतारे, कविता, व्यंगचित्रं, तक्ते. दुसरा लेखन: ६५ मिनिटांत दोन निबंध. तिसरा विज्ञान: अडीच तास, ७५ प्रश्न. त्यात जीवशास्त्र ४० टक्के, रसायन ४० टक्के, भौतिकशास्त्र २० टक्के. जीव-रसायनाची पातळी पदवीच्या पहिल्या वर्षाची, भौतिकची बारावीची. गणकयंत्र नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

आपल्या मुलांची गल्लत दोन ठिकाणी होते. तिसरा भाग पाठांतराचा समजून ती पाठ्यपुस्तकं पुन्हा पाठ करतात. प्रत्यक्षात प्रश्नात नवाच आलेख, नवंच समीकरण देतात आणि त्यावरून निष्कर्ष काढायला सांगतात. एककं जुळवणं, लॉग अंदाजाने काढणं, आलेखाचा चढ वाचणं याचा सराव हवा. दुसरी गल्लत म्हणजे निबंध. विज्ञानाची मुलं तीन वर्षं एकही निबंध लिहीत नाहीत, मग दुसऱ्या भागात आपटतात. तिथे एका विषयावरची चार-पाच अवतरणं देतात. एक निबंध सामाजिक विषयावर, दुसरा व्यक्तिगत. पाठ केलेला निबंध परीक्षकाला लगेच कळतो. आठवड्याला दोन, घड्याळ लावून, सहा महिने. याला पर्याय नाही.

गुणांचं पारंपरिक सूत्र: विज्ञान दुप्पट धरून चारने भागायचं. समजा ६२, ६८ आणि ५८ मिळाले. (६२ + ६८ + ५८ + ५८) भागिले ४, म्हणजे ६१.५. पण काही विद्यापीठं तिन्ही भागांची साधी सरासरी धरतात, ती येते ६२.६७. लिहायला-वाचायला तरबेज असणाऱ्यांनी ही दुसऱ्या प्रकारची विद्यापीठं हेरावीत. हे गुण टक्के नसतात, काठिण्यपातळीनुसार बसवलेले असतात. ७० म्हणजे फार वरचा गुण. बहुतेक ठिकाणी प्रत्येक भागात किमान ५० लागतात, तेव्हा एकच भाग ४९ वर अडकला तर बाकीच्यांत कितीही मिळवा, अर्ज बाद.

आजीचा_बटवा
म्हणजे लहानपणी "अवांतर वाचन कर" म्हणून आई ओरडायची ते गॅमसॅटसाठी होतं तर!

शब्दवेल्हाळ
@आजीचा_बटवा :) चेष्टा बाजूला ठेवली तरी ते खरं आहे. पहिल्या भागातली कविता क्लास लावून येत नाही. वर्तमानपत्रातले संपादकीय लेख रोज एक, आणि लेखकाचा सूर उपरोधाचा की गंभीर हे एका ओळीत लिहून काढायचं. स्वस्तातला आणि परिणामकारक सराव.

हिशेबनीस
पैशांचं कुणीच बोललं नाही.

नागरिक असाल तर सरकारी अनुदानाची जागा, म्हणजे सीएसपी, आणि वर हेक्स-हेल्पचं कर्ज. बायोमेडला वर्षाला साधारण ९ हजार डॉलर, मेडिकल-डेंटलला साधारण १३ हजार. इथे आपल्या लोकांनी एक गोष्ट नीट बघावी: पर्मनंट रेसिडेंट मुलांना सीएसपी मिळते, पण हेक्सचं कर्ज मिळत नाही. ती रक्कम दर सत्राला आधीच भरायची. नागरिकत्वाचा अर्ज "बघू नंतर" म्हणून पडून असेल तर बारावीच्या आधी उरकून टाका. पासपोर्टचा प्रश्न भावनिक आहे हे कळतं, पण हिशेब हिशेबाच्या जागी.

मेडिकलच्या सीएसपी जागांपैकी २८.५ टक्के बाँडेड असतात. म्हणजे पदवीनंतर १८ वर्षांच्या आत एकूण ३ वर्षं शहरी भागाबाहेरच्या, सरकारने ठरवून दिलेल्या भागांत काम. एकदम तीन वर्षं द्यायची नाहीत, तुकड्यातुकड्याने चालतं. प्रशिक्षणाचा काळही नियमात बसला तर धरला जातो. लोक उगाच घाबरतात. ही जागा नाकारून वर्षभर पुन्हा रांगेत उभं राहण्यापेक्षा घेतलेली बरी.

ग्रॅज्युएट पातळीवर काही विद्यापीठं स्थानिक मुलांनाही पूर्ण फीच्या जागा देतात. ऑफर आल्याच्या आनंदात ती सीएसपी आहे की पूर्ण फीची, हे वाचायचं राहून जातं. आकड्यात लाखांचा फरक असतो. प्राधान्यक्रम भरतानाच ठरवा.

कोथरूडचा_काका
नमस्कार. पुण्याहून विचारतोय. पुतण्याला नीटमध्ये गुण कमी पडले. एका एजंटने सांगितलं की ऑस्ट्रेलियात बायोमेडिकल सायन्सला प्रवेश घ्या, पुढे मेडिकल 'गॅरंटीड', आणि परत येऊन प्रॅक्टिसही करता येईल. कितपत खरं?

हिशेबनीस
काका, आधी खर्च. परदेशी विद्यार्थ्याला बायोमेडची फी वर्षाला ५० हजार डॉलरच्या आसपास, एमडीची मेलबर्नसारख्या ठिकाणी एक लाखाच्या वर. तीन अधिक चार वर्षं, म्हणजे साडेपाच लाख डॉलरच्या पुढे. रुपयांत तीन कोटींच्या वर, राहणं-जेवणं सोडून.

ब्रिस्बेनकर
काका, 'गॅरंटीड' म्हणजे नेमकं काय, ते विद्यापीठाच्या ऑफर-पत्रात लेखी दाखवा म्हणावं. सशर्त जागा काही ठिकाणी असतात, पण तिथेही ठरावीक जीपीए, परीक्षा आणि मुलाखत या अटी असतात. एक अट हुकली की संपलं, आणि तोवर तीन वर्षांची फी गेलेली असते.

भारतात परतण्याचं गणित तर आणखी अवघड. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशी वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, शिवाय त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि नीट उत्तीर्ण असणंही आवश्यक. इथली ग्रॅज्युएट एंट्री एमडी चार वर्षांची, म्हणजे ४८ महिने. आधीची बायोमेडची तीन वर्षं वैद्यकीय शिक्षण नव्हेत. इथली इंटर्नशिपही विद्यापीठात नसते, पदवीनंतर रुग्णालयात नोकरी म्हणून होते, आणि ती मिळायची हमी स्थानिक सीएसपीच्या मुलांना असते, परदेशी विद्यार्थ्यांना नाही. पैसे भरण्याआधी आयोगाकडून लेखी उत्तर घ्या. एजंटच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका.

आणि हो, इथली एमडी ही आपल्याकडच्या एमबीबीएसच्या जागी आहे. एजंट 'एमडी' हा शब्द मुद्दाम मोठा करून सांगतात.

कोथरूडचा_काका
आभार. भारतातच बीएससी बायोमेडिकल करून एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला जाता येत नाही का?

गौरी_जी
नाही काका. दिल्ली विद्यापीठाच्या काही कॉलेजांत बायोमेडिकल सायन्सची पदवी आहे, चांगलीही आहे, पण एमबीबीएसला मधून प्रवेश हा प्रकारच नाही. नीट-यूजी एवढाच रस्ता. वयाची वरची मर्यादा २०२२ मध्ये काढली, त्यामुळे पदवीनंतरही नीट देता येते, पण सुरुवात पहिल्या वर्षापासून. पुतण्याला पुन्हा एकदा नीट द्यायची असेल तर त्यात तीन कोटी वाचतात एवढंच म्हणेन.

तिरकस
तीन कोटींत कोथरूडला टू बीएचके येतो. डॉक्टर भाडेकरू ठेवा.

टाकापुनाकर
ऑकलंडहून थोडं अवांतर. न्यूझीलंडमध्ये 'बायोमेडमधून मेडिकल' याचा अर्थ निराळा आहे. इथे तीन वर्षं थांबायचं नसतं. ऑकलंडला बायोमेडिकल सायन्स किंवा हेल्थ सायन्सचं पहिलं वर्ष, ओटागोला हेल्थ सायन्सेस फर्स्ट इयर. त्या एका वर्षाचे गुण आणि युकॅट (ऑकलंडला मुलाखतही) यांवर दुसऱ्या वर्षापासून मेडिकल. डेंटल देशात फक्त ओटागोला, डुनेडिनमध्ये.

म्हणजे सगळा जुगार सतरा-अठराव्या वर्षी, घरापासून दूर, पहिल्या सत्रात. ओटागोला रसायन, भौतिकी, पेशीशास्त्र, जैवरसायन, मानवी शरीराचे दोन आणि सार्वजनिक आरोग्याचा एक असे सात विषय ठरलेले. मुलं रसायनाला घाबरतात आणि सार्वजनिक आरोग्य सोपं समजून सोडतात. लेखी उत्तरं लिहायची सवय नसल्याने तिथेच गुण जातात. हुकलं तर पदवी पूर्ण करून पदवीधर गटातून पुन्हा अर्ज करता येतो, जागा थोड्या.

वायकाटोला चार वर्षांचं पदवीधरांसाठीचं मेडिकल २०२८ पासून सुरू करायला २०२५ मध्ये सरकारची मान्यता मिळाली आहे. ते झालं की इथेही ऑस्ट्रेलियासारखा दुसरा रस्ता तयार होईल.

लेस्टरची_लेक
यूकेचंही एक वाक्य: यूकॅसच्या (विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक) अर्जात मेडिसिनच्या चारच निवडी करता येतात, पाचवीत बहुतेक जण बायोमेडिकल सायन्स टाकतात. तिथून चार वर्षांच्या ग्रॅज्युएट एंट्रीला जाता येतं, पण पदवीत साधारण टू-वन (वरचा दुसरा वर्ग) लागतो आणि चुरस पहिल्यापेक्षा जास्त. पाच वर्षांचा कोर्स दुसरी पदवी म्हणून घेतला तर पहिली काही वर्षं फीचं सरकारी कर्ज मिळत नाही, हे पालकांना फार उशिरा कळतं.

दंतकथा
मंजिरीताईंचा डेंटलचा प्रश्न सगळे विसरले. दाताला कायम सावत्र वागणूक.

डेंटलमध्ये ग्रॅज्युएट एंट्रीच्या जागा मोजक्या: मेलबर्न, सिडनी, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, सगळे चार वर्षांचे. बाकी थेट बारावीनंतर: ॲडलेड, क्वीन्सलंड, ग्रिफिथ, जेम्स कुक (केर्न्सला), ला ट्रोब (बेंडिगोला), चार्ल्स स्टर्ट (ऑरेंजला). म्हणजे मेडिकलच्या उलट चित्र. डेंटल खरंच हवं असेल तर बायोमेडची वाट बघण्यापेक्षा बारावीलाच राज्याबाहेर अर्ज करायला हवेत. ज्यांना मेलबर्न सोडायचं नसतं त्यांची तीन वर्षं जातात आणि मग एकाच शहरातल्या मोजक्या खुर्च्यांसाठी भांडण.

डेंटलचे दोन फायदे. पदवी झाली की थेट नोंदणी, सक्तीची इंटर्नशिप नाही. आणि बाँडेड योजना मेडिकलची, डेंटलला लागू नाही. पण "मेडिकल नाही तर डेंटल" म्हणून येऊ नका. पहिल्या वर्षापासून कृत्रिम दातांवर, आरशात उलटं बघत, मिलिमीटरच्या अंशात काम असतं. मान आणि कंबर दोन्ही पणाला. मुलाखतीत "डॉक्टरकी का नाही?" हे विचारतातच, आणि तिथे चाचपडणारा लगेच दिसतो.

अजून एक पर्याय कुणी सांगत नाही: ओरल हेल्थची तीन वर्षांची पदवी. त्यातून ओरल हेल्थ थेरपिस्ट म्हणून नोंदणी होते, म्हणजे लगेच कमाई. जीपीए चांगला ठेवला तर याच पदवीवर पुढे डेंटलच्या ग्रॅज्युएट एंट्रीला अर्ज करता येतो. हात बसलेला असतो, रुग्णाशी बोलायची भीड गेलेली असते.

पर्थपंत
दंतकथांचा शेवटचा परिच्छेद मेडिकललाही लागू. बायोमेडची खरी अडचण ही की ती कुठल्याही नोंदणीकृत व्यवसायाची पदवी नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये वैज्ञानिक म्हणून लागायचं तर लॅबोरेटरी मेडिसिनसारखी वेगळी मान्यताप्राप्त पदवी लागते. साधं बायोमेड तिथे पुरत नाही. त्याउलट नर्सिंग, फिजिओ, फार्मसी, पॅरामेडिक, ऑप्टोमेट्री यांतून नोकरीही मिळते आणि ग्रॅज्युएट एंट्रीचं दारही उघडं राहतं.

गौरी_जी
@पर्थपंत, अर्धं मान्य. त्या पदव्यांत प्लेसमेंट (रुग्णालयात वगैरे प्रत्यक्ष कामाचा सराव) असते: आठवड्याला पस्तीस-चाळीस तास, कधी रात्रपाळी, कधी दूरच्या गावी. मार्चची गॅमसॅट आणि प्लेसमेंट एकाच वेळी आली की काय करणार? फिजिओला शिरणंही सोपं नाही, एटार बायोमेडच्या बरोबरीने लागतो. आणि ज्या मुलाला नर्सिंगमध्ये काडीचा रस नाही त्याला 'मार्ग' म्हणून तिथे ढकललं तर जीपीए कुठून येणार?

पर्थपंत
शेवटचा मुद्दा मान्य. रस नसेल तर गुण येत नाहीत, हे बायोमेडलाही लागू आहे एवढंच.

आजीचा_बटवा
मुलाखतीबद्दल कुणी लिहा ना.

शब्दवेल्हाळ
बहुतेक ठिकाणी एमएमआय. सहा-आठ छोटे टप्पे, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं प्रसंग वाचायला, मग पाच-सात मिनिटं बोलायला. सहकारी दारू पिऊन कामावर आला, रुग्ण रक्त घ्यायला नकार देतो, गटातला एक जण काम करत नाही, असे प्रसंग. वैद्यकीय ज्ञान तपासत नाहीत. आपली मुलं थेट निर्णय सांगून मोकळी होतात: "तक्रार करेन." हवं असतं ते हे की कुणाकुणाचं हित गुंतलंय, आधी काय विचारशील, काय माहीत नाही, मग काय करशील.

जेमसॅसमध्ये साधारण एकच मुलाखत मिळते. पहिल्या पसंतीच्या ठिकाणी तुमचे गुण पुरले नाहीत तर अर्ज पुढे सरकतो, पण वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या मुलाखती देत फिरता येत नाही. एकदाच कांदेपोहे. म्हणून पसंतीक्रम नावाच्या दबदब्यावर न लावता, आपला जीपीए आणि गॅमसॅट कुठल्या सूत्रात उजळतात ते बघून लावायचा.

मंजिरी_मेलबर्न
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुठल्याही करिअर-मेळाव्यात कळलं नव्हतं. आता मूळ प्रश्नाकडे: यंदा, या महिन्यापासून काय करायचं? क्रमाने सांगाल का कुणी?

ब्रिस्बेनकर
युकॅटची नोंदणी मार्चमध्ये सुरू होते, मेच्या मध्यात बंद. परीक्षा जुलै ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. २०२५ पासून त्यातला आकृत्यांचा भाग काढलाय, एकूण गुण २७०० पैकी, प्रसंगनिर्णयाचा भाग वेगळा. जुनी पुस्तकं कुणी दिली तर तो आकृत्यांचा भाग फाडून टाका. हे गुण फक्त त्या वर्षीच्या प्रवेशाला चालतात, गॅमसॅटसारखे साठत नाहीत.

विषय तपासा. मेलबर्नच्या बायोमेडला इंग्रजीशिवाय रसायन आणि गणितातलं मॅथ्स मेथड्स किंवा स्पेशालिस्ट लागतं. जीवशास्त्राची अट नाही. रसायन सोडलं असेल तर बरीच दारं इथेच बंद होतात.

मग राज्याबाहेरचे अर्ज, विशेषतः डेंटल आणि जेम्स कुक. त्यांच्या तारखा वीटॅकपेक्षा (व्हिक्टोरियाचा सामाईक प्रवेश-अर्ज) निराळ्या असतात. वीटॅकमध्ये वर थेट मेडिकल, मग मोनॅशचं बायोमेड आणि मेलबर्नचं बायोमेड किंवा बीएससी, खाली एखादी नोंदणी मिळणारी पदवी जी तिला मनापासून चालेल. निकालानंतर पसंती बदलायला थोडे दिवस मिळतात, तेव्हा हा धागा पुन्हा वाचा.

गौरी_जी
एक भर: बायोमेडच्या पहिल्या वर्षात गेल्यावरही युकॅट पुन्हा देता येते, आणि थेट प्रवेशाची काही विद्यापीठं विद्यापीठात एक वर्ष केलेल्यांना घेतात. काही घेत नाहीत, किंवा एका वर्षापेक्षा जास्त झालं तर अपात्र ठरवतात. म्हणून पहिल्या सत्रात विषय घेण्याआधी त्या-त्या विद्यापीठाची अट बघायची.

शेंगदाणा_चटणी
पसंतीक्रमाच्या दिवसांत हा धागा वर काढेन. रच्याकने, पुतण्याचं काय ठरलं काका?

कोथरूडचा_काका
एजंटकडे लेखी मागितलं. तेव्हापासून फोन उचलत नाही.